दोन केसचा एक गठ्ठा

धाकट्या भावाच्या नियुक्तीचं पत्र आलं आणि आई गेल्यापासून आमच्या घरात पहिल्यांदा पेढे आले. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. चारित्र्य पडताळणीच्या अहवालात त्याच्या नावापुढे २०११ सालचा, शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणाचा गुन्हा होता आणि शेरा होता 'न्यायप्रविष्ट'. पंधरा दिवसांत न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत सादर करावी, नाहीतर नियुक्तीचा विचार होणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

केस न्यायप्रविष्ट नव्हती. २०१५ मध्येच तो निर्दोष सुटला होता. निकालाच्या दिवशी मी आईचा हात धरून कोर्टातल्या मागच्या बाकावर बसले होते. साहेबांनी निकाल वाचला, आम्ही बाहेर आलो, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. "सुटला ना पोरगा, आता कागद कशाला," असं आई म्हणाली. आम्हालाही काही सुचलं नाही. ज्याला कैदेची शिक्षा होते त्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची, असं कायद्यात आहे. जो सुटतो त्याला मात्र ती मागावी लागते. हे मला दहा वर्षांनी कळलं.

घरात जे जुने कागद होते, दोषारोपपत्राच्या प्रती, जामिनाचे कागद, वकिलांच्या पावत्या, ते सगळे एका पत्र्याच्या पेटीत होते. तेव्हा आम्ही गोदाघाटाजवळच्या वाड्यात राहायचो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं, ज्यावरून नाशिककर पूर मोजतात, हे लोक एकमेकांना विचारत होते, तेवढ्यात आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं. आम्ही आईला आणि गॅसच्या टाकीला वर नेलं. पेटी खाली राहिली. पाणी ओसरल्यावर आतल्या कागदांचा लगदा झाला होता. केस चालवणारे वकीलही मधल्या काळात वारले. आमच्याकडे ना केस नंबर होता, ना निकालाची नेमकी तारीख. भावाला पुण्याहून सुट्टी मिळेना, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी एका द्राक्ष निर्यातदाराकडे हिशेब लिहिते, कागदांची मला भीती नाही. कोर्टाची होती.

रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईलवर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ उघडलं. राज्य, जिल्हा आणि मग न्यायालय संकुल निवडायचं असतं. इथे थोडं थांबून विचार करावा लागतो, कारण नाशिक जिल्हा म्हणजे एक कोर्ट नाही. निफाड, मालेगाव, येवला, मनमाड, सिन्नर, दिंडोरी, प्रत्येकाचं संकुल वेगळं आहे आणि नाशिकरोडचंही वेगळं. गुन्हा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला त्यावर कोर्ट ठरतं. आमची केस सीबीएसजवळच्या मुख्य न्यायालयात चालली होती, एवढं तरी मला ठाऊक होतं. सीएनआर नंबर हाताशी असता तर यातलं काहीच निवडावं लागलं नसतं. तो सोळा अंकाक्षरांचा असतो, सुरुवातीला राज्याची आणि जिल्ह्याची अक्षरं आणि शेवटी वर्षाचे चार आकडे. प्रत्येक केसचा वेगळा, देशभरात दुसरा तसा नाही. ज्यांची केस आज चालू आहे त्यांनी तो घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

पक्षकाराच्या नावाने शोधायला लागले. वर्ष २०११. पत्रात न्यायप्रविष्ट म्हटलंय म्हणून 'प्रलंबित' हाच पर्याय धरून बसले. काही सापडेना. मग 'निकाली' केलं, तरी नाही. आमचं आडनाव 'व'ने सुरू होतं. इंग्रजीत ते घरातला एक जण डब्ल्यूने लिहितो, दुसरा व्हीने, आणि कोर्टात नोंद करणाऱ्याने कसं लिहिलं असेल कोण जाणे. दोन्ही करून पाहिलं. शेवटी वर्ष एकाने पुढे केलं आणि शेजाऱ्यांचं आडनाव टाकलं, तेव्हा पडद्यावर ओळखीची नावं आली. तिथे मला उमगलं की तिथलं वर्ष म्हणजे गुन्ह्याचं वर्ष नव्हे, केस कोर्टात नोंदली गेली ते वर्ष. भांडण झालं २०११ च्या वसुबारसेला. पोलिसांनी तपास करून दोषारोपपत्र पाठवलं २०१२ मध्ये. आर.सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टातला फौजदारी खटल्याचा नंबर, २०१२ चा पडला.

त्या रात्री मला इतका आनंद झाला की मी नंबर वहीत लिहिला, तारीख लिहिली, कोर्टाचं नाव लिहिलं आणि झोपले. नीट वाचलं नाही.

सकाळी होळकर पुलावरून, रविवार कारंजा, मेहेर करत कोर्टात पोचले. बाहेर टायपिस्ट, तिकिटं विकणारे, झेरॉक्सवाले, काळे कोट आणि त्यांच्या मागे मागे चालणारी खेड्यातली माणसं. आईच्या तारखांना आम्ही असेच चालायचो. विचारत विचारत कागदांच्या प्रती देणाऱ्या नक्कल विभागात गेले. खिडकीवरच्या बाईंनी माझा कागद पाहिला, संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, या केसमध्ये तुमचे भाऊ आरोपी नाहीत. आरोपी दुसरेच आहेत. तुमचे भाऊ यात साक्षीदार असतील. आणि तुम्ही कोण?" मी म्हटलं, बहीण. "मग अर्जावर त्यांची सही लागेल, किंवा वकिलांमार्फत या."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पंधरापैकी तीन दिवस संपले होते.

शेजारी बसलेल्या एका काकांनी सांगितलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत देतात. माझ्याकडे तीस दिवस नव्हते, आणि ती वाटही नव्हती. न्यायालयाच्या फायलीतल्या कागदांसाठी न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच नक्कल मागायची, माहितीच्या अधिकारातून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. हे मला सांगितलं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकील मॅडमनी. कोर्टाच्या आवारातच त्यांचं कार्यालय आहे. विधी सेवा कायदा १९८७ चा, त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. चार वर्षं आईने कर्ज काढून वकिलांची फी भरली. तिलाही हे लागू होतं. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

मॅडमनी आधी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "भांडणानंतर फिर्याद कोणी दिली?" मी म्हटलं, दोघांनीही. आम्ही त्यांच्यावर आणि त्यांनी आमच्यावर, एकाच रात्री. "म्हणजे क्रॉस केस. तुम्ही शोधलीत ती तुमच्या आईच्या फिर्यादीवरची. शेजाऱ्यांच्या फिर्यादीवरची दुसरी असणार." मला ते आठवायला हवं होतं. पण आमच्या घरात ती नेहमी एकच 'केस' होती. तारीख एक, कोर्ट एक, निकालही एकाच दिवशी. एकाच घटनेच्या परस्परविरोधी फिर्यादी एकाच न्यायाधीशांपुढे लागोपाठ चालवतात आणि निकाल एकत्र देतात, म्हणजे एका घटनेचे दोन वेगळे अर्थ निघत नाहीत. तेव्हा आम्ही एका दालनात सकाळी फिर्यादी असायचो आणि दुपारी आरोपी.

त्यांनी माझाच मोबाईल घेतला. मी सापडवलेल्या केसच्या पानावर खाली पोलीस ठाण्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर होता, मी तो वाचलाच नव्हता. "एकाच रात्री, एकाच ठाण्यात, तासाभराच्या फरकाने दोन गुन्हे. नंबर लागोपाठ असणार." एफआयआर नंबरने शोधायचा पर्याय उघडला, पुढचा आकडा टाकला, आणि भावाचं नाव आलं. आडनाव व्हीनेच होतं, पण मध्ये एक जादा 'ए' होता. निकाली. निर्दोष मुक्तता. सप्टेंबर २०१५.

मोबाईलवरची ती नोंद खरी, पण ती देऊन भागत नाही. निकालपत्राची पीडीएफ मिळाली तरी ती माहितीपुरती. ज्याच्या ताब्यात मूळ कागद आहे त्या अधिकाऱ्याने 'खरी नक्कल' असं लिहून, तारीख, सही, हुद्दा आणि शिक्का दिला की ती प्रमाणित प्रत होते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ७५ मध्ये आहे. नोकरी देणाऱ्या कार्यालयाला तीच लागते.

भावाने पुण्याहून वकीलपत्रावर सही करून कुरियरने पाठवलं. त्यात दोन दिवस गेले. नक्कल अर्ज एका पानाचा असतो, पण त्यात काय लिहायचं याला महत्त्व आहे. केसचा प्रकार, नंबर, वर्ष, सीएनआर, न्यायाधीशांचं न्यायालय, पक्षकार, निकालाची तारीख, आणि नेमके कोणते कागद हवेत. मी 'सगळे कागद' लिहिणार होते. मॅडमनी थांबवलं. शंभर पानांची फाईल असेल तर उगाच वेळ जातो. आधी निकालपत्र, दोषारोपपत्राचं पहिलं पान ज्यावर कलमं आहेत, आणि शेवटच्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद. निकालाची तारीख रोजनाम्यात असली की निकालपत्राबद्दल शंका उरत नाही. कोर्ट फीचं तिकीट लावलं, अर्ज दिला, पोच घेतली. 'तातडीचा' असं लिहून कारणही दिलं आणि कार्यालयाच्या पत्राची झेरॉक्स जोडली.

आपण पक्षकार असलो तर हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला निकाल, साक्ष, फाईलमधला कोणताही कागद शुल्क भरून मागता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६३ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०४ मध्ये आहे. ज्याचा केसशी संबंध नाही अशा माणसालाही उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे मागता येतं, पण त्याला कारण द्यावं लागतं आणि न्यायालयाची परवानगी लागते. ही दुसरी बाजू मला पुढे उपयोगी पडली.

दोन दिवसांनी विचारायला गेले तर उत्तर मिळालं की फाईल मिळत नाही.

निकाल लागल्यावर फाईल त्या न्यायालयातून अभिलेख कक्षात जाते. नक्कल विभाग तिथे मागणी पाठवतो, फाईल वर येते, प्रती निघतात, फाईल परत जाते. आमची मागणी गेली होती, आणि त्या वर्षीच्या, त्या नंबरच्या जागी फाईल नव्हती. अपिलासाठी वरच्या कोर्टात गेली असेल का? नाही, अपील झालं नव्हतं. नष्ट झाली असेल का? निकाली खटल्यांचे कागद वर्गवारीप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर खरंच नष्ट करतात, निकालपत्र सांभाळून ठेवतात आणि बाकीचं काही आधी जातं. हे ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. मॅडम शांत होत्या. त्यांनी मला दोन कामं सांगितली. पहिलं, नकलेच्या अर्जाची पोच जोडून भावाच्या कार्यालयाला लेखी मुदतवाढ मागायची, फोनवर नाही. दुसरं, आईच्या केसचा नंबरही मागणीत लिहून द्यायचा.

त्याच संध्याकाळी फाईल सापडली. अभिलेख कक्षातल्या एका वयस्क कर्मचाऱ्यांनी आईच्या केसचा गठ्ठा काढला, तो जाड लागला म्हणून सोडला, आणि आत दुसरी फाईल निघाली. निकाल एकाच दिवशी लागला, एकत्र बांधल्या गेल्या, आणि दहा वर्षं एकाच लाल फडक्यात राहिल्या. त्यांनी स्वतःहून ते फडकं सोडलं नसतं तर मी आज काय लिहीत बसले असते माहीत नाही. त्यांना नमस्कार केला तर म्हणाले, "अहो, क्रॉसच्या फायली अशाच सापडतात."

मॅडमनी फाईल पाहण्याचाही अर्ज दिला होता. मंजूर झाला. कारकुनांसमोर टेबलाशी बसून आम्ही पानं उलटली.

भावाच्या फाईलमध्ये निकालपत्र एकवीस पानांचं. शेवटचा आदेश मॅडमनी बोट ठेवून वाचायला लावला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४८(१) अन्वये, भारतीय दंड विधानाच्या कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४ या सगळ्यांतून निर्दोष मुक्तता. एकेक कलम दोषारोपाशी ताडून पाहिलं, एखादं राहून गेलेलं नाही ना म्हणून. खटला उभा राहण्याआधी आरोपातून सोडणं वेगळं, तडजोड वेगळी, आणि पुरावा तपासून निर्दोष ठरवणं वेगळं. पडताळणी करणारे अधिकारी हे शब्द बघतात. आमच्या निकालात न्यायाधीशांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांची साक्ष आणि पंचांची साक्ष यांतल्या विसंगतीवर दोन पानं लिहिली होती. धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लोखंडी पाइप त्याच्या हातात होता असं कोणीच शपथेवर सांगू शकलं नव्हतं.

मॅडमनी आणखी एक विचारलं, नोकरीसाठी भरून दिलेल्या साक्षांकन नमुन्यात खटल्याबद्दल काय लिहिलंय? धाकट्याने 'होय, खटला झाला, निर्दोष' असं लिहिलं होतं. मित्रांनी त्याला तेव्हा वेड्यात काढलं होतं. मॅडमचा चेहरा उजळला. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सविस्तर सांगितलंय, म्हणाल्या. अडचण बहुतेक वेळा खटल्यापेक्षा तो लपवण्याने होते. खरं सांगितलं तरी कार्यालय विचार करू शकतं, पण उमेदवाराच्या पायाखाली जमीन राहते.

मग त्यांनी दुसरी फाईल माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः फोन करायला बाहेर गेल्या. मला वाटतं त्या मुद्दाम गेल्या.

आईची फिर्याद. हाताने लिहिलेली, निळ्या शाईत, वर निशाणी क्रमांक. 'मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देते की' अशी सुरुवात, आणि पुढे हवालदाराच्या भाषेमधून मध्येच आईची भाषा डोकावत होती. दिवाळीची आवराआवर म्हणून दोन हंडे जास्त भरले. नळ जाणार होता. 'माझ्या लेकराला सोडा म्हणून मी त्यांच्या पाया पडले' हे वाक्य कोणत्याच हवालदाराला सुचलं नसतं. पुढे कोर्टातली तिची साक्ष होती, टाइप केलेली. उलटतपासात तिला विचारलंय, तुम्ही मुलाला वाचवण्यासाठी खोटं सांगत आहात. 'हे म्हणणे खरे नाही.' ओळीच्या शेवटी पूर्णविराम. मला तिचा आवाज ऐकू आला.

त्या केसमध्येही शेजारी सुटले. त्या दिवशी ते मला अन्याय वाटलं होतं. त्या टेबलाशी बसून त्यांच्या मुलाची साक्ष वाचली, तोही तेव्हा वीसच वर्षांचा, आणि मला तसं वाटलं नाही.

निकालाच्या नकला मुदत संपायच्या दोन दिवस आधी मिळाल्या. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटच्या पानावर अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा. त्या तारखा फार कामाच्या असतात. अपील करायचं असेल तर नकलेसाठी गेलेले दिवस मुदतीतून वगळतात, मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. आम्हाला गरज नव्हती, तरी मी खिडकीपासून हलायच्या आधी पानं मोजली, प्रत्येक शिक्का पाहिला. एका पानावर शिक्का राहिला होता, तिथल्या तिथे मारून दिला. नकलांपेक्षा माझं रिक्षाभाडं जास्त झालं होतं.

एक संच भावाच्या कार्यालयात गेला. दुसरा घेऊन मी ज्यांच्या अहवालात 'न्यायप्रविष्ट' लिहिलं होतं तिथे गेले आणि नोंद दुरुस्त करण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घेतली. निकाल लागून दहा वर्षं झाली तरी ती ओळ तशीच होती. आम्ही गेलो नसतो तर तशीच राहिली असती, आणि धाकट्याच्या पासपोर्टला, घराच्या भाड्याला, प्रत्येक वेळी पुढे उभी राहिली असती. माझं कळकळीचं म्हणणं आहे की निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला कोर्टातून बाहेर पडण्याआधी कोणीतरी नक्कल विभागाची खिडकी दाखवावी. आम्ही तिच्यासमोरून रस प्यायला गेलो होतो.

धाकटा रुजू झाला.

आईच्या फिर्यादीसाठी मी वेगळा अर्ज केला. तिथे मी पक्षकार नव्हते, म्हणून कारण लिहावं लागलं. मॅडमनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, जे आहे ते. फिर्यादी माझी आई, ती २०२१ मध्ये वारली, घरातली प्रत पुरात गेली, तिच्या सहीचा दुसरा कागद आमच्याकडे नाही. न्यायाधीश साहेबांनी अर्ज वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मंजूर लिहिलं.

आईने सही शिकली होती चाळिशीत, माझ्याकडून, माझ्या दुरेघी वहीत. आडनावातल्या 'व'चं पोट ती नेहमी उलट बाजूला काढायची आणि मी रागवायचे. नक्कल हातात आल्यावर मी आधी तेच पाहिलं. चार पानांच्या फिर्यादीवर चार सह्या आणि चारही 'व' उलटे.